शौनक ऊर्फ कळवतो

"नावाचं टेन्शन कुणीही घ्यायचं नाही!" मंगळवारी सकाळी रणजीतने चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "पाच मिनिटांचं काम आहे. मी बसवतो!"

'बसवतो' हा त्याच्या धंद्यातला शब्द. वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर रणजीत प्रतवारी बघायचा. कुठलं डाळिंब वरच्या थरात, कुठलं तळाला आणि कुठलं सरळ ज्यूसवाल्याकडे, हे तो पेटीकडे नुसतं बघून सांगायचा. असा माणूस दोन घराण्यांचा मान एका पोरात बसवू शकणार नाही? पोर तर डाळिंबापेक्षा फार मोठंही नव्हतं. नऊ दिवसांचं होतं. रविवारी बारसं.

त्याचा आराखडा तयार होता. कागदावरचं नाव बायकोच्या, म्हणजे ऋताच्या, कोकणी माहेरचं. तिला पोहायला शिकवणारा आणि तरुणपणीच गेलेला तिचा शौनककाका होता, त्याचं. आणि घरात हाक मारायचं नाव रणजीतकडचं, म्हणजे त्याच्या आजोबांचं. धनाजी. शौनक ऊर्फ धनाजी! वरचा थर कोकण, खालचा थर सातारा. पेटी बंद, दोरी आवळली.

त्याच दुपारी साताऱ्याकडच्या गावाहून रंगूबाई सानपाड्याच्या घरी येऊन दाखल झाल्या. रंगूबाई म्हणजे रणजीतची आज्जी. वय त्र्याऐंशी, दात बारा, आवाज पूर्ण. लिफ्टला त्या पाळणा म्हणाल्या, फ्रीजला गार कपाट. ऋता एरवी नवऱ्याला नावाने हाक मारायची, पण आज्जी उंबऱ्यात दिसल्याबरोबर तिच्या तोंडून "अहो" बाहेर पडलं. रणजीतने मागे वळून बघितलं. दुसरं कुणी नव्हतं.

पणतवाला लांबूनच न्याहाळून झाल्यावर आज्जींनी विचारलं, "नाव काय काढलंय?"

"कागदावर शौनक. आणि घरात धनाजी! आपल्या आजोबांचं!" रणजीत शाबासकीसाठी जरा वाकलाच.

"धनाजी?" आज्जींनी असा चेहरा केला, जणू सडका चिकू हातात आला. "त्ये मास्तरानं शाळंत लावल्यालं. दाखल्यापुरतं. त्यांचं पाळण्यातलं नाव न्यारंच हाय. त्ये ठेवा."

"ठेवू की! काय होतं पाळण्यातलं?"

आज्जींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पंख्याकडे बघायला लागल्या.

"आज्जी?"

"मी कशी सांगू? मालकाचं नाव हाय त्ये."

"बरं, लिहून दाखवा."

"लिवाया आलं असतं तर मास्तरीन झाले नसते का?"

"मग हळूच कानात सांगा!"

"कानात सांगितलं तरी तोंडानंच सांगायचं न्हवं?"

रणजीत हसला. आज्जी हसल्या नाहीत. त्या पाळण्याकडे बघत, आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या सासूबाई तेवढ्या त्या नावानं हाक मारायच्या. त्या गेल्या आन् घरात त्ये नाव वाजायचं थांबलं. साठ वर्सं झाली बग. माझ्या तोंडनं निघत न्हाई. दुसऱ्या कुनाच्या तोंडनं तरी ऐकू दे, जायच्या आत एकदा. तवर मी ह्या पाळण्याच्या दोरीला हात लावनार न्हाई!"

झालं! पाच मिनिटांचं काम तिथे संपलं आणि पाच दिवसांचं सुरू झालं.

रणजीत वडिलांकडे गेला. शहाजीराव गॅलरीत पेपर वाचत होते.

"पप्पा, आजोबांचं पाळण्यातलं नाव काय?"

"आम्ही आबा म्हणायचो. गाव पैलवान म्हणायचं."

"अहो, पण खरं नाव?"

"बापाला 'तुमचं खरं नाव काय' म्हणून विचारायची छाती होती का आमची? गदा घेऊन उभा असायचा!"

गावात चार फोन झाले. आजोबांच्या वयाचा एकच म्हातारा हयात होता. त्याला फोन कानाला लावून दिला तेव्हा तो एवढंच ओरडला, "पैलवान! पैलवान गेला का?" पैलवान जाऊन वीस वर्षं झाली होती. म्हाताऱ्याला ती बातमी त्या दिवशी नव्याने कळली, आणि त्याची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

शेवटी शहाजीरावांनीच धागा दिला. "तिच्या बोलण्यावर ध्यान ठेव. त्या वेळच्या बायका मालकाच्या नावासारखा शब्दसुद्धा उच्चारत नसत. माझ्या चुलतीच्या मालकांचं नाव हरी. तर ती आयुष्यभर हरभऱ्याला घोड्याचा दाणा म्हणाली! आई कुठला शब्द टाळते ते शोध. तेच आबांचं नाव."

रणजीतचे डोळे चमकले. ही तर प्रतवारी झाली! शब्दांची पेटी उघडायची, एकेक शब्द हातात घ्यायचा, आज्जी उच्चारतात तो बाजूला, टाळतात तो आपला. त्याने गाळ्यावरची एक वही घरी आणली आणि बुधवारपासून कामाला लागला.

माणूस पैलवान होता म्हणजे नाव दणकट असणार, हे त्याने आधीच ठरवून टाकलं. त्यामुळे सुरुवात दणकट शब्दांनी झाली. मोबाईलवर फोटो काढून त्याने आज्जींच्या नाकासमोर धरला.

"आज्जी, हे काय?"

"वाघ."

वाघोजी बाद. "आणि हे?"

"नाग. आरं, धा दिसांच्या लेकराच्या घरात नाग कशापायी दावतोस?"

नागोजी बाद. दगड, डोंगर, भाला, रेडा, सगळे बाद. रेडा बघून तर आज्जी खूश झाल्या आणि गावातल्या एका रेड्याची गोष्ट सांगायला लागल्या. त्या गोष्टीतले सत्तावीस शब्द रणजीतने वहीत बाद म्हणून लिहिले.

संध्याकाळी मात्र तो स्वयंपाकघरातून उडी मारतच बाहेर आला. "सापडलं! लाल भोपळ्याला आज्जी डांगर म्हणाल्या! भोपळा म्हणाल्या नाहीत! टाळला!"

"येड्या," शहाजीराव पेपरातून म्हणाले, "गावाकडे भोपळ्याला डांगरच म्हणतात. आणि भोपळ्यावरून नाव काय होणार? भोपळोजी?"

रणजीतने वहीत भोपळ्यावर काट मारली. याच वेळी ऋता बाळाला दुपट्यात गुंडाळत होती, आणि आज्जी तिला सांगत होत्या, "त्ये इटकं तांबडं दुपटं घे गं, मऊ हाय." दुपटं छान, नवं आणि गुलाबी होतं. पण रणजीत तेव्हा खलबत्त्याचा फोटो शोधत होता.

गुरुवारी ऋताचे वडील नेरुळहून आले. अरविंदराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. काहीही बघितलं की त्यावर टिप्पणी तयार करायची सवय अजून गेलेली नव्हती. येताना ते नातवाच्या नावाने गुलाबजामचा डबा घेऊन आले. दार उघडं होतं. आत त्यांनी जे पाहिलं त्याने ते चपला काढायचेच विसरले.

जावई हातात पळी घेऊन म्हातारीसमोर गुडघ्यावर बसला होता.

"आज्जी, नीट बघून सांगा. हे काय?"

"पळी हाय. कालबी पळीच हुती."

"आणि हे?"

"आरं झाडनी! लेकरा, तुला बरं वाटतंय न्हवं?"

अरविंदरावांची नजर टेबलावरच्या उघड्या वहीकडे गेली. 'वाघ, बरोबर. पळी, बरोबर. फ्रीज, कपाट म्हणाल्या. लिफ्ट, पाळणा म्हणाल्या. भोपळा, शंका.' शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या: 'आजोबांचं नाव, अजून सांगत नाहीत.'

त्यांचा चेहरा उतरला. अरे अरे! एवढी ताठ म्हातारी! त्यांनी डबा उघडून, अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "आज्जीबाई, हे ओळखलंत का? हे काय आहे?"

आज्जींनी डब्यात बघितलं. पदर सावरला. "पाकातली भजी," त्या म्हणाल्या, आणि दोन उचलून तोंडात टाकली.

अरविंदरावांना पुढे काही विचारायची गरजच वाटली नाही. रणजीतनेही ते ऐकलं. पण भजी बाद की शंका, याचा विचार करेपर्यंत त्याचा फोन वाजला. जुईनगरचा फ्लेक्सवाला शिवा होता.

"साहेब, बॅनर तयार हाये. 'चि. शौनक ऊर्फ', पुढं काय टाकू?"

"उद्या सांगतो!"

"उद्या संध्याकाळी मशीन बंद होते, साहेब. ऊर्फशिवाय माणूस अर्धवट वाटतो."

"उद्या सांगतो म्हटलं ना!"

शुक्रवारी अरविंदराव त्याच सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर आशुतोषना घेऊन आले. 'बाळाला बघायला आलोय' असं सांगून डॉक्टरांनी बाळाकडे एकदा बघितलं आणि खुर्ची आज्जींसमोर ओढली.

"आज्जी, आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"महिना?"

आज्जींनी महिना सांगितला, तिथी सांगितली, वर अमावास्या कधी तेही सांगितलं.

"छान! मुलं किती?"

"चार. ह्यो शहाजी तिसरा."

"वा! आणि मालकांचं नाव?"

आज्जींनी पदर पुढे ओढला.

"आठवून बघा. घाई नाही."

आज्जींनी तोंड फिरवलं.

"पहिलं अक्षर तरी?"

"कसला डागदर म्हनायचा ह्यो!" आज्जी लालेलाल झाल्या. "परक्या बाईला मालकाचं नाव इच्यारतोय!"

डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. चिडचिड, असं असावं. मग रणजीतला दाराशी नेऊन म्हणाले, "बाकी चांगलं आहे. पण पतीचं नाव गेलंय."

"गेलं नाही हो! त्या घेत नाहीत!"

"हो, हो," डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुरुवातीला सगळ्या घरी असंच म्हणतात."

सगळं दाराशी चाललं होतं आणि आज्जींचे कान शाबूत होते. पाच मिनिटांनी त्या पिशवी भरून उभ्या राहिल्या.

"मला येडी ठरवाया आनलं व्हय रं हितं? पळी दावतोय! नाग दावतोय! साताऱ्याच्या गाडीत बशीव मला."

"आज्जी, तसं नाही हो!"

"मला नाव तेवढं ऐकायचं हुतं. न्हाई ऐकलं, ऱ्हायलं. मी जाते."

ऋताने बाळ कुशीत घेऊन वाट अडवली, शहाजीरावांनी पिशवी अडवली, अरविंदरावांनी हात जोडले. शेवटी तह झाला: बारशाचं जेवून दुपारच्या गाडीने जायचं. तोपर्यंत पिशवी भरलेलीच राहणार, आणि आज्जी पाळण्याकडे ढुंकून बघणार नाहीत.

याच गोंधळात शिवाचा मेसेज आला. 'साहेब शेवटचं विचारतो. शौनक ऊर्फ?'

रणजीतने एका हाताने पिशवीचा बंद धरला होता. दुसऱ्या हाताने त्याने उत्तर टाइप केलं. एकच शब्द. कळवतो.

शिवाने उत्तर पाठवलं. 'ओके साहेब.' त्यापुढे अंगठा.

रविवारी साडेदहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये रणजीत लाडवांची परात घेऊन शिरला आणि जागीच थबकला. स्टेजवर आठ फुटी बॅनर. दोन्ही बाजूंना फुगे, मधोमध बाळाचा फोटो आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत:

चि. शौनक ऊर्फ कळवतो.

"शिवा!" तो फोनवर किंचाळला. "हे काय केलंस?"

"तुम्हीच कळवलंत ना, साहेब!"

"कळवतो म्हणजे नंतर सांगतो!"

"मला वाटलं गावाकडचं नाव असंल. परवा एकाच्या पोराचं 'ऊर्फ छकुला पैलवान' छापलं. मी कुनाला इच्यारत नाय."

पाहुणे यायला लागले होते. एक काका चष्मा पुसून पुसून वाचत होते. "कळवतो? पोरगं कळव्याला झालं का?" त्यांच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "नाही हो, काहीतरी संस्कृत असेल. हल्ली असलीच ठेवतात." अरविंदराव तर शब्दाचा विग्रह करायला बसले होते. कळ अधिक वतो?

एवढ्यात शर्मिला आली. रणजीतची धाकटी बहीण, नावड्याला दिलेली. बाळाची आत्या, म्हणजे आजच्या समारंभाची मुख्य मानकरी. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव तीच सांगणार होती.

"दादा, कानात काय सांगू? कळवतो?"

रणजीतने तिला कोपऱ्यात ओढलं आणि पाच दिवसांचा सगळा हिशेब एका दमात सांगितला. पळी, रेडा, डांगर, डॉक्टर, पिशवी. शर्मिला आधी ऐकत होती, मग तिने तोंडावर पदर धरला, मग तिला हसू आवरेना.

"अरे दादा! पाच दिवस तू आज्जीला काय म्हणालास?"

"नाव सांगा म्हणालो!"

"तिथेच चुकलास! बाईला नाव सांगा नाही म्हणत. नाव घ्या म्हणतात!"

आणि ती तरातरा हॉलच्या मधोमध गेली. दाराजवळच्या खुर्चीत आज्जी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आज्जी! पणतवाचं बारसं आहे. नाव घ्या!"

"नाव घ्या! नाव घ्या!" बायकांनी लगेच सूर धरला. मागून मात्र कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "अगं, त्यांना कशाला? मालक नाहीत ना त्यांचे. बरं दिसत नाही."

आज्जींनी मान वळवून त्या दिशेला बघितलं.

"मालक मेल्यात," त्या म्हणाल्या. "नाव कुठं मेलंय?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत पाळण्यापाशी गेल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, त्र्याऐंशीव्या वर्षी किंचित लाजल्या, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"शिवारात डुलतो जोंधळा, कणसाला आला दाणा,
गुलाबरावांचं नाव घेते, हलवते पणतवाचा पाळणा!"

आणि त्यांनी दोरीला हात घातला.

बायकांनी एकच कल्ला केला. शर्मिला पाळण्यावर वाकली, "कुर्र! गुलाब!" आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती पाळण्यातच जायची. शहाजीरावांनी चष्मा काढला आणि पुसण्यात बराच वेळ घालवला. गदा घेऊन उभा राहणारा त्यांचा बाप गुलाब होता!

अरविंदराव टाळी वाजवत उठले. "अरविंद म्हणजे कमळ! हा गुलाब! एका बागेतलेच निघालो की आम्ही!"

डॉक्टर आशुतोष जेवणाच्या टेबलावरून आले. हातात गुलाबजामची वाटी होती. "म्हणजे आज्जींना आठवतंय सगळं!"

"मला आठवतंय. तुमीच गोळी घ्या बाबा काहीतरी," आज्जी म्हणाल्या. "आन् ती पाकातली भजी कमी खा."

रणजीतने डॉक्टरांच्या वाटीकडे बघितलं. मग बाळाच्या दुपट्याकडे. मग वहीतल्या त्या सगळ्या वाघ, नाग आणि रेड्यांची त्याला आठवण झाली. हजारो पेट्यांची प्रतवारी करणारा माणूस, आणि नाकासमोर दरवळणारं फूल त्याला दिसलं नव्हतं! लाडवांची परात तेवढी त्याने पुढे केली.

पिशवी रिकामी झाली. साताऱ्याची गाडी आज्जींशिवाय गेली. सगळं मिटलं.

मिटलं, असं रणजीतला सोमवारी सकाळपर्यंत वाटत होतं.

सोमवारी सकाळी बेडरूममधून आज्जींचा लाडिक आवाज आला. "अहो, उठा की आता. उन्हं आली."

रणजीत दचकून आत धावला. आज्जी पाळण्याशी बोलत होत्या.

"आज्जी, तुम्ही बाळाला अहो म्हणताय?"

"मग काय नाव घेऊ? कालच घेतलं की एकदा!"

"ऋता, तू तरी म्हण," रणजीत म्हणाला.

ऋताने तोंड उघडलं. "गु..."

"ऐ!" आज्जी गरजल्या. "आजेसासऱ्याला नावानं हाक मारतीस व्हय?"

शहाजीरावांकडे बघण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सकाळी नातवाला मांडीवर घेतलं आणि सवयीने "आबा, पाय जरा इकडे घ्या" असं म्हणून त्याचं दुपटं बदललं होतं. रणजीतने स्वतः एकदा "ए गुलब्या" म्हणून बघितलं. पैलवानाचा भिंतीवरचा फोटो अशा काही नजरेने बघत होता, की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

एकट्या अरविंदरावांना कसलीच बंदी नव्हती. ते आता रोज संध्याकाळी नेरुळहून येतात. लिफ्टचं दार उघडल्याबरोबर मोकळ्या आवाजात हाक देतात, "काय गुलाबराव, उठलात का?" त्या वेळी रंगूबाई हातातलं काम थांबवतात. तांदूळ निवडत असल्या तर बोटं ताटात तशीच राहतात. पंख्याकडे बघतात, थोडं हसतात, आणि मग निवडायला लागतात. परत जायची गोष्ट त्यांनी अजून काढलेली नाही.

बाकी चोवीस तास घरात बाळाचं एकच नाव चालू आहे.

परवा रणजीत बाजारातून दमून आला, सोफ्यावर टेकला. आतून ऋताची हाक आली, इतकी गोड की त्याचा शीणच गेला.

"अहो, दूध पिणार ना?"

"हो," तो म्हणाला. "साखर कमी घाल."

"तुम्हाला नाही हो!"

आणि तेवढ्यात फोन वाजला. शिवा होता.

"साहेब, चूक झाली ती झाली. मी दुसरा बॅनर करून देतो, घरी लावायला. घरात पोराला ज्या नावानं हाक मारता तेच टाकतो. सांगा, शौनक ऊर्फ काय?"

रणजीतने पाळण्याकडे बघितलं. पाळण्यातल्या 'अहों'नी मोठी जांभई दिली.

"शिवा," तो म्हणाला, "कळवतो."